अठ्ठेचाळीस श्रेयांकांची नस्ती

मी महाराष्ट्रातील एका राज्य विद्यापीठाच्या पात्रता विभागात सहायक कुलसचिव म्हणून काम करते. दुसऱ्या विद्यापीठातून आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याने तिकडे काय शिकले आहे आणि त्यातले आमच्याकडे किती धरता येईल, हे तपासून त्याला पात्रता प्रमाणपत्र देणे हे आमच्या विभागाचे काम. बहुतेक प्रकरणे सरळ असतात. पदवी एका विद्यापीठातून पूर्ण करून पदव्युत्तर शिक्षणासाठी आमच्याकडे आलेल्या मुलाची गुणपत्रिका आणि स्थलांतर प्रमाणपत्र पाहिले की अर्ध्या तासात निर्णय होतो. अवघड असतात ती प्रकरणे, ज्यांत अभ्यासक्रम अर्ध्यावर असताना विद्यापीठ बदलावे लागते. पदव्युत्तर अभ्यासक्रम तर दोनच वर्षांचा असतो; त्यामुळे तिथे आमची एक चूक म्हणजे विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा थेट निम्मा भाग वाया जाणे.

२०२४च्या ऑगस्टमधील एका शुक्रवारी असेच एक प्रकरण माझ्या टेबलावर आले. पदव्युत्तर तिसऱ्या सत्राच्या प्रवेशाची मुदत त्याच दिवशी सायंकाळी पाच वाजता संपत होती. शेजारच्या राज्यातील एका विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.चे पहिले वर्ष पूर्ण केलेल्या विद्यार्थिनीचा अर्ज होता. दोन्ही सत्रांत ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होती आणि तिच्या गुणपत्रिकांवर मिळून ४८ श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, होते. आमच्याकडे पहिल्या वर्षाला ४४ श्रेयांक लागतात. म्हणजे वरवर पाहता तिच्याजवळ आवश्यकतेपेक्षा चार जास्तच होते. तरीही आमच्या वरिष्ठ लिपिकाने लिहिलेल्या टिपणीचा शेवट असा होता : ‘४८ पैकी २० श्रेयांक समकक्ष आढळतात. द्वितीय वर्ष प्रवेशासाठी किमान २२ श्रेयांक आवश्यक असल्याने अर्जदारास प्रथम वर्षात नव्याने प्रवेश घेण्यास कळवावे.’

टिपणी नियमाला धरूनच होती आणि लिपिकाने कामात कसूर केलेली नव्हती, हे मला इथे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्याने डाव्या स्तंभात तिच्या बारा अभ्यासक्रमांची नावे लिहिली होती, उजव्या स्तंभात आमची, आणि नाव जुळले तिथे बरोबरची खूण केली होती. वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित, संभाव्यता सिद्धांत, रेषीय प्रतिमाने आणि प्रयोग अभिकल्प ही पाच नावे जुळली. प्रत्येकी चार प्रमाणे वीस श्रेयांक झाले. दोन कमी पडले. आमच्या विभागात वर्षानुवर्षे तक्ता असाच केला जात होता आणि मीही तो तसाच करत आले होते.

सही करण्यापूर्वी मी नस्तीचे, म्हणजे फाइलचे, शेवटचे पान उलटले, कारण तिथे विद्यार्थिनीचा हाताने लिहिलेला एक विनंती अर्ज लावलेला होता. तिच्या वडिलांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. नोकरीच्या गावाहून ते आमच्या शहरात राहायला आले होते, आठवड्यातून तीन दिवस त्यांचे डायलिसिस होत होते आणि त्यांना रुग्णालयात नेणारी ती एकटीच होती. या कारणामुळे सवलत द्यावी असे तिने कुठेही म्हटले नव्हते. तिने एवढेच लिहिले होते की, सोबत बाराही अभ्यासक्रमांचे सविस्तर पाठ्यक्रम जोडले आहेत, ते कृपया वाचावेत.

ते वाचले गेले नव्हते. विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याची ती तीसेक पाने होती आणि त्यांना मारलेली पिन कुणी काढलेलीही दिसत नव्हती.

या ठिकाणी मला एक जुनी गोष्ट सांगावी लागते, कारण त्या दिवशी माझा हात सहीपाशी थांबला तो त्या गोष्टीमुळे. २००८ साली मी याच विभागात लिपिक होते. तेव्हा आमच्याकडे श्रेयांक नव्हते, शंभर-शंभर गुणांचे पेपर असत. एम.ए.चे पहिले वर्ष दुसऱ्या विद्यापीठातून करून आलेल्या एका मुलाच्या पेपरांची नावे आमच्या पेपरांशी जुळत नव्हती, म्हणून मी त्याला पुन्हा पहिल्या वर्षाला बसण्याचे कळवले. त्याने प्रवेश घेतला नाही. पुढे कित्येक महिन्यांनी जुन्या नस्त्या लावताना त्याने जोडलेला पाठ्यक्रम माझ्या हाती लागला, तो मी सहज चाळला आणि पाहिले, तर पाचपैकी चार पेपरांतील घटक जवळजवळ आमचेच होते, फक्त शीर्षके वेगळी होती. त्याच्या पत्त्यावर मी पत्र पाठवले. ते परत आले. त्या परत आलेल्या पाकिटावरचा टपालाचा शेरा मला अजून आठवतो.

अकराच्या सुमारास ती विद्यार्थिनी स्वतः आली. खांद्याला कापडी पिशवी होती आणि तिच्यात दोन जाड जर्नल होती. निर्णय काय झाला असेल, हे खिडकीवर तिच्या कानावर आलेच होते. ती शांतपणे म्हणाली, ‘‘मॅडम, पहिलं वर्ष पुन्हा करायला लागलं तर मी करीन. पण मी जे शिकले ते शिकलेच नाही, असं कागदावर येऊ नये एवढंच वाटतं.’’ मी तिला बसायला सांगितले. दुपारी तीनला तिला वडिलांना घेऊन रुग्णालयात जायचे होते. माझ्याजवळ चार तास होते आणि विद्याशाखेच्या समकक्षता समितीची पुढची बैठक सप्टेंबरमध्ये होती.

मी नस्ती घेतली आणि तिला सोबत घेऊन संख्याशास्त्र विभागात गेले. हे आमच्याकडे सहसा होत नाही. नस्ती शिपायामार्फत जाते, शेरा घेऊन परत येते, आणि त्यात आठवडा जातो. विभागप्रमुख तासावरून नुकतेच आले होते. मी त्यांना लिपिकाचा तक्ता दाखवला नाही. फक्त दोन्ही विद्यापीठांचे पाठ्यक्रम त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हणाले, ‘‘सर, नावं झाकून वाचाल का? कुठला घटक कुठे आहे, तेवढंच हवंय.’’

त्यानंतरचा तासभर मी जे पाहिले, ते वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावर कधी घडले नव्हते. सरांनी पेन्सिल घेतली आणि आमच्या प्रत्येक घटकासमोर तिच्या पाठ्यक्रमातील पान क्रमांक लिहायला सुरुवात केली. आमच्या ‘वितरण सिद्धांता’तले सगळे काही तिच्या ‘गणितीय संख्याशास्त्र’ या अभ्यासक्रमात होते. आमचे ‘प्राचलीय अनुमान’ तिकडे ‘आकलन व परिकल्पना परीक्षण’ या नावाने शिकवले जात होते. आमच्या ‘नमुना सर्वेक्षण पद्धती’ या निवडक विषयाला तिकडे ‘प्रतिचयन सिद्धांत’ म्हणत होते. स्तरित निवड, समूह निवड, गुणोत्तर आकलक, सगळे जागच्या जागी होते. लिपिकाच्या तक्त्यात हे तिन्ही अभ्यासक्रम ‘समकक्ष नाही’ या रकान्यात पडले होते.

मात्र नाव जुळलेल्या एका अभ्यासक्रमापाशी सर अडले. ‘संभाव्यता सिद्धांत’ हे शीर्षक दोन्हीकडे तेच होते, परंतु आमच्याकडे त्याचा पहिला घटक माप सिद्धांताचा आहे, ज्याला वर्गात सगळे मेजर थिअरी म्हणतात, आणि तिच्या संभाव्यतेच्या पाठ्यक्रमात त्याचा मागमूस नव्हता. ‘‘हा एक घटक नसेल तर पुढचं सगळं लंगडं पडतं,’’ सर म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला. लिपिकाच्या पाच खुणांपैकीच एक पुसली जाते की काय, असे वाटले. तेवढ्यात ती विद्यार्थिनी खुर्चीवरून किंचित पुढे झाली आणि म्हणाली, ‘‘सर, आमच्याकडे ते वास्तव विश्लेषणात शेवटी होतं. सिग्मा बीजगणित, लेबेग माप, एकदिक् अभिसरणाचं प्रमेय. आम्हाला संभाव्यता शिकवणारे सर म्हणायचे, ते तिकडे झालंय, मी परत घेत नाही.’’ सरांनी पान काढून पाहिले. तसेच होते. आमच्याकडे जे दोन अभ्यासक्रमांत एका पद्धतीने वाटले होते, तेच तिकडे त्याच दोन अभ्यासक्रमांत दुसऱ्या पद्धतीने वाटले होते. सरांनी तिला त्या प्रमेयाबद्दल दोन प्रश्न विचारले, तिने फळ्यावर जाऊन उत्तर लिहिले, आणि सरांनी समासात शेरा लिहिला : ‘दोन्ही अभ्यासक्रम एकत्रितपणे दोन्ही अभ्यासक्रमांस समकक्ष.’ असा एकत्रित शेरा लिहिता येतो, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलेले नव्हते. आमच्या छापील तक्त्यात एका ओळीसमोर एकच ओळ बसते.

अशा रीतीने आमचे सक्तीचे सहा सैद्धांतिक अभ्यासक्रम आणि दोन निवडक विषय मिळून ३२ श्रेयांक मान्य झाले. २२ची अट केव्हाच पार झाली होती. इथे थांबलो असतो तरी तिला दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला असता. पण उरलेले बारा श्रेयांक तिच्यावर थकबाकी म्हणून राहिले असते आणि रुग्णालयाच्या फेऱ्या सांभाळून तिला ते तिसऱ्या-चौथ्या सत्राच्या अभ्यासासोबत फेडावे लागले असते. म्हणून आम्ही पुढे गेलो.

प्रात्यक्षिकांचा प्रश्न मला सगळ्यांत गुंतागुंतीचा वाटला आणि सर्वांत अधिक शिकवून गेला तोही तोच. तिच्या गुणपत्रिकेवर दोन प्रात्यक्षिके होती, प्रत्येकी चार श्रेयांकांची. आमच्याकडेही दोन आहेत, पण प्रत्येकी दोन श्रेयांकांची. आकडे जुळत नाहीत म्हणून लिपिकाने दोन्ही बाजूला ठेवली होती. माझा पहिला विचार असा, की तिचे एकच प्रात्यक्षिक घेऊन आमची दोन्ही भागवावीत. सरांनी मान हलवली. ‘‘आधी तास मोजू,’’ ते म्हणाले. तिने पिशवीतून जर्नल काढली. प्रत्येक प्रयोगावर तारीख होती, खाली शिक्षकांची सही होती. आम्ही दोघांनी तारखा मोजल्या : सत्राचे पंधरा आठवडे, आठवड्याला चार तासांची एक बैठक, म्हणजे एका प्रात्यक्षिकाचे साठ तास. आता सर्वसाधारण रीत अशी आहे की, एका श्रेयांकासाठी सैद्धांतिक अध्यापनाचे पंधरा तास धरतात आणि प्रात्यक्षिकाचे तीस. तिच्या विद्यापीठाने प्रात्यक्षिकालाही पंधराच तासांचा हिशेब लावला होता, म्हणून साठ तासांचे चार श्रेयांक झाले होते. आमच्या हिशेबाने साठ तासांचे दोन होतात. म्हणजे तिने केलेले काम आमच्या मुलांनी केलेल्या कामाइतकेच होते, ना कमी ना जास्त. केवळ मोजण्याचे माप वेगळे होते. तिच्या दोन्ही प्रात्यक्षिकांच्या बदल्यात आमची दोन्ही प्रात्यक्षिके, असे ठरले. तिच्या खात्यातून आठ श्रेयांक वळते होणार होते आणि आमच्या तक्त्यात चार धरले जाणार होते. मी तिला हे समजावून सांगितले, कारण कागदावर तिचे चार श्रेयांक कमी होत असल्यासारखे दिसणार होते. ती म्हणाली, ‘‘तास तेवढेच आहेत ना मॅडम, मग बरोबर आहे.’’

एकूण ३६ झाले. राहिले आठ.

महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी नवी रचना आली, तिच्यात दोन वर्षांना मिळून ८८ श्रेयांक आहेत. पहिल्या सत्रात चार श्रेयांकांची संशोधन पद्धती आणि दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प सक्तीचा आहे. तिच्या विद्यापीठाच्या रचनेत ही दोन्ही नव्हती. त्याऐवजी तिकडे संगणकीय आज्ञावलीचा एक अभ्यासक्रम आणि अर्थशास्त्र विभागात घेतलेला कृषी अर्थशास्त्राचा एक खुला विषय होता. दोन्ही चांगले अभ्यासक्रम होते, पण संशोधन पद्धतीच्या जागी कृषी अर्थशास्त्र धरता येत नाही, आणि तसे धरण्याचा आग्रह मीही धरला नसता. समकक्षतेत उदार असावे, हे मला मान्य आहे. तथापि जे शिकलेलेच नाही ते शिकले आहे असे लिहून दिले, तर पुढे चौथ्या सत्राच्या संशोधन प्रकल्पात विद्यार्थीच उघडा पडतो.

मी तिला विचारले, ‘‘संशोधन पद्धतीचं काहीच केलेलं नाही का?’’ तिने जरा संकोचून उत्तर दिले, ‘‘विद्यापीठात नाही केलं. पण प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेच्या पहिल्या पेपरात संशोधनावर प्रश्न असतात, म्हणून मी स्वयम् वर एक कोर्स केला होता. परीक्षापण दिली होती, केंद्रावर जाऊन. तो चालेल असं वाटलं नाही, म्हणून अर्जात लिहिलं नाही.’’

स्वयम् हा केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या विनियमांप्रमाणे एखाद्या अभ्यासक्रमाच्या एका सत्रातील एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् च्या माध्यमातून पूर्ण करू देण्याची मुभा विद्यापीठांना आहे. परंतु त्यासाठी विद्यापीठाने तो विशिष्ट अभ्यासक्रम आधी मान्य केलेला असावा लागतो. सरांनी आमच्या अभ्यास मंडळाने मंजूर केलेली यादी काढली. तिचा अभ्यासक्रम त्या यादीत होता, चार श्रेयांकांचा. त्या क्षणी मला झालेला आनंद मी लपवू शकले नाही आणि तो लपवण्याचे काही कारणही नव्हते.

आता हे चार श्रेयांक प्रत्यक्ष दाखवणे आवश्यक होते. तिने मोबाइलवर डिजिलॉकर उघडून शैक्षणिक श्रेयांक बँकेतले आपले खाते काढले. ही बँक जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. विद्यार्थ्याचे बारा अंकी ओळख क्रमांकाचे एक खाते असते; त्याने कोणत्याही सहभागी संस्थेत मिळवलेले श्रेयांक ती संस्था त्या खात्यात जमा करते, आणि विद्यार्थी ते दुसरीकडे नेऊन पदवीसाठी वापरू शकतो. विद्यार्थ्याने स्वतः तिथे काही भरायचे नसते आणि त्याला ते भरताही येत नाही. खात्यात स्वयम् चे चार श्रेयांक होते. पहिल्या सत्राचे चोवीस होते. दुसऱ्या सत्राच्या जागी काहीच नव्हते.

तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या सत्राची छापील गुणपत्रिका तिच्या हातात होती, निकाल लागून दीड महिना झाला होता, आणि खात्यात मात्र ते सत्र जणू झालेच नव्हते. मी तिच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात दूरध्वनी केला. तिसऱ्या प्रयत्नात या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांशी बोलणे झाले आणि त्यांनी सौजन्याने लगेच नोंदी तपासल्या. कारण किरकोळ होते. पहिल्या सत्राच्या यादीत तिचे पूर्ण नाव प्रवेश अर्जाप्रमाणे, म्हणजे स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे गेले होते. दुसऱ्या सत्राच्या यादीत तिकडच्या प्रथेप्रमाणे आधी आद्याक्षरे आणि मग नाव असे छापले गेले. आधारवरील नावाशी ते न जुळल्यामुळे नोंद परत आली होती आणि परत आलेल्या नोंदींच्या यादीत पडून होती. तिच्यासारख्या आणखीही नोंदी त्या यादीत होत्या.

मला या गोष्टीचा मनापासून त्रास झाला आणि आजही होतो. या व्यवस्थेचा उद्देश विद्यार्थ्याला कागदपत्रांच्या मागे धावावे लागू नये असा आहे आणि तो उद्देश मला अतिशय मोलाचा वाटतो. पण नोंद परत आली आहे, हे विद्यार्थ्याला कोणी कळवत नसेल, तर त्याला ते कळते नेमके मुदतीच्या दिवशी, दुसऱ्याच्या कार्यालयात. जमा करणे ही संस्थेची जबाबदारी आहे; जमा झाले की नाही, हे पाहून परत आलेली नोंद दुरुस्त करणे हीही संस्थेचीच जबाबदारी मानली पाहिजे. त्या दूरध्वनीनंतर मी आमच्या परीक्षा विभागातही चौकशी केली. आमच्याकडेही अशी यादी होती. त्याबद्दल मी त्याच आठवड्यात वेगळी टिपणी सादर केली.

तिकडून दुरुस्तीला काही दिवस लागणार होते. मी त्या अधिकाऱ्यांना विनंती केली की, दुसऱ्या सत्राचा निकाल खरा असल्याचे आणि नोंद दुरुस्तीला घेतल्याचे अधिकृत ईमेलवर कळवावे. दुपारी दोनच्या आत त्यांचे पत्र आले. आमच्या नियमात तात्पुरत्या पात्रतेची तरतूद आहे आणि तिचा उपयोग अशाच प्रसंगी करायचा असतो.

शेवटचा प्रश्न मर्यादेचा होता. श्रेयांक बँकेच्या विनियमांनुसार पदवी देणाऱ्या विद्यापीठातून विद्यार्थ्याने निदान ५० टक्के श्रेयांक मिळवलेले असले पाहिजेत. ८८चे निम्मे ४४. आमच्या तक्त्यात बाहेरून आलेले ३६ आणि स्वयम् चे चार, असे ४० धरले जात होते. पण कोणी कडक अर्थ लावून खात्यातून प्रत्यक्ष वळते झालेले श्रेयांक मोजले, तर प्रात्यक्षिकांच्या आठामुळे ते ४४ होत होते. दोन्ही बाजूंनी ती मर्यादेच्या आत होती, दुसऱ्या हिशेबाने अगदी काठावर. ही बेरीज मी तीन वेळा केली आणि टिपणीत दोन्ही पद्धतींनी मांडली, म्हणजे उद्या लेखापरीक्षणात किंवा पदवीच्या वेळी कोणी शंका घेतली, तर उत्तर नस्तीतच सापडावे.

कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक तेवढे राहिले. ते तिने आमच्याकडेच पूर्ण करावेत, असे सरांनी सुचवले. चार श्रेयांकांचे १२० तास होतात. कुठे करता येईल असे मी विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘जिल्हा सांख्यिकी कार्यालय इथून दोन किलोमीटरवर आहे. नमुना सर्वेक्षण हिला चांगलं येतं. मी पत्र देतो.’’

टिपणी मी स्वतः लिहिली. एरवी सहायक कुलसचिव टिपणी लिहीत नाही, खाली सही करतो. पण मला ती लिपिकावर सोपवायची नव्हती आणि त्याच्यावर त्याचा ठपका येईल असेही काही लिहायचे नव्हते. मी त्याला शेजारी बसवले आणि दोघांनी मिळून नवा तक्ता केला. त्यात मी ‘घटक’ आणि ‘तास’ असे दोन रकाने वाढवले. अधिष्ठात्यांनी सगळी पाने वाचली, माप सिद्धांताच्या शेऱ्यावर सरांना फोन करून खात्री करून घेतली आणि शिफारस केली. समितीची बैठक लांब असल्याने तातडीच्या प्रसंगी असलेल्या आपल्या अधिकारात कुलगुरूंनी मान्यता दिली आणि प्रकरण पुढील बैठकीत अवलोकनार्थ ठेवण्यास सांगितले. त्यांची सही झाली तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

विद्यार्थिनी पावणेतीनलाच गेली होती. मी तिला फोन केला. मागे यंत्राचा एकसारखा आवाज येत होता. ‘‘तिसऱ्या सत्राचं शुल्क आता भर, लिंक चालू आहे,’’ मी सांगितले. ती काही क्षण काहीच बोलली नाही. मग मला ऐकू आले ते तिने वडिलांना सांगितलेले वाक्य : ‘‘पप्पा, वर्ष वाचलं.’’ चार वाजून एकतीस मिनिटांची शुल्काची पावती नस्तीत लावलेली आहे.

दुसऱ्या सत्राचे श्रेयांक अकरा दिवसांनी तिच्या खात्यात दिसू लागले आणि तात्पुरती पात्रता कायम झाली. सप्टेंबरच्या बैठकीत समितीच्या एका सदस्यांनी प्रात्यक्षिकांच्या आठाचे चार का, असे विचारले; सर जर्नलच्या छायाप्रती घेऊन गेले होते, तारखा पाहिल्यावर त्यांचे समाधान झाले. दिवाळीच्या सुट्टीत आणि नंतरच्या काही मोकळ्या दिवशी तिने सांख्यिकी कार्यालयात १२० तास पूर्ण केले. लिपिकाने नव्या तक्त्याचा नमुना आता छापून घेतला आहे. त्याला वेळ अधिक लागतो, एका प्रकरणाला कधी कधी दोन दिवस जातात, आणि त्यासाठी प्रवेशाच्या हंगामात आणखी एक माणूस मिळावा म्हणून मी दोनदा मागणी केली आहे.

२०२५च्या उन्हाळ्यात चौथ्या सत्राचा निकाल लागल्यावर ती पेढे घेऊन आली. वडिलांची तब्येत तशीच होती, फेऱ्या सुरू होत्या. बोलता बोलता तिने विचारले, ‘‘मॅडम, माझा तो आज्ञावलीचा कोर्स आणि कृषी अर्थशास्त्र, ते आठ श्रेयांक गेले का?’’ मी तिला खाते उघडायला सांगितले. वापरलेले श्रेयांक वळते झालेले दिसत होते आणि खाली ते आठ तसेच शिल्लक होते. श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे राहतात, म्हणजे २०३१पर्यंत तिने दुसरा एखादा अभ्यासक्रम घेतला आणि तिथे ते बसत असतील, तर ते तिला वापरता येतील. तिने त्या पानाचे छायाचित्र काढून घेतले आणि कृषी अर्थशास्त्राच्या पाठ्यक्रमाची नस्तीत लावलेली पाने परत मिळतील का, असे विचारले. मी छायाप्रत नस्तीत ठेवली आणि मूळ पाने तिला दिली.